अर्ध्या तासाचं चित्र

१

आवडाबाईचं तोंड उघडं राहिलं होतं.

जात्याच्या खुंट्यावर हात, कपाळावर ठसठशीत गोंदण, ओवीचा पहिला चरण संपलेला आणि दुसऱ्यासाठी श्वास घेतलेला. टीव्हीच्या पडद्यावर ती म्हातारी तशीच थांबली होती. खाली पट्टीवर नाव होतं : आवडाबाई, तालुका वैजापूर. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीच्या हातावर रिमोट होता आणि शेजारी चष्मा, काड्या मिटून ठेवलेला. आत्ता येते म्हणून उठलेलं माणूस ठेवतं तसा.

सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला मुकुंदराव वैजापूरहून घरी आले तेव्हा त्यांना आधी हे चित्र दिसलं. मग स्वयंपाकघरात ओळीनं भरून ठेवलेले हंडे-कळश्या दिसल्या. आणि मग मागच्या अंगणात, पाण्याच्या हौदाला टेकून असलेल्या तीन पायऱ्यांशी, त्यांची बायको दिसली. कालिंदीबाई कुशीवर पडल्या होत्या, एक हात हौदाच्या काठावर गेलेला. डोकं खालच्या पायरीवर आपटलं होतं. श्वास केव्हाच थांबलेला होता, आणि अंगणातली फरशी अजून पायाला चटके देत होती.

ते दोन हजार तेराचं साल होतं. गारखेड्यात जिथं कालपरवापर्यंत ज्वारी उभी असायची तिथं पाच-पाच मजले उभे राहिले होते आणि सगळ्यांना पाणी देणारी वाहिनी मात्र जुनीच होती. पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही धरणाच्या तळातलं, चहाच्या रंगाचं. पाणी आलं की घराघरांतून हातातलं काम टाकून माणसं उठायची. कालिंदीबाई तेवढं एक बटण दाबून उठायच्या. त्यांच्या मुलानं, मंदारनं, टीव्हीला एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. चालू कार्यक्रम थांबवावा, पाणी भरून यावं, आणि जिथं थांबवला तिथून पुढं बघावा.

मुकुंदरावांची हाक समोरच्या घरात द्वारकाबाईंना ऐकू गेली. सासष्ट वर्षांच्या द्वारकाबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दुसऱ्याच्या आवाजातला पहिला शब्द ऐकून पुढची बातमी ओळखायची त्यांना सवय होती. ही हाक ऐकून त्या चप्पल न घालताच पळाल्या.

कालिंदी त्यांची मैत्रीण होती, एकवीस वर्षांपासूनची. पण रडायला अजून वेळ होता. त्यांनी मुकुंदरावांना धरून आत बसवलं, स्वयंपाकघरातल्या पहिल्या हंड्यात पेला बुडवला. पाणी इतकं नितळ होतं की तळाशी बसलेला गाळ आणि त्यावर पडलेली त्यांच्या हाताची सावली दोन्ही दिसले. बशीत तुरटीचा खडा होता, झिजून बोराएवढा झालेला.

मग टीव्हीशेजारच्या फोनवरून त्यांनी पुण्याला मंदारला लावला. साडेसहा होऊन गेले होते. फोन वाजत असताना पडद्यावरची आवडाबाई उघड्या तोंडानं त्यांच्याकडंच बघत होती.

"आई, अगं दुपारी मीटिंगमध्ये होतो," मंदार म्हणाला. "बोल."

द्वारकाबाईंनी आधी आपलं नाव सांगितलं, मग बातमी.

पोलीस आले, गेले. घर बायकांनी भरलं. कोणीतरी समई लावताना भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आठला दहा कमी होते, आणि त्याच वेळी कोणी काही न दाबता आवडाबाईनं तो श्वास सोडला आणि ती गाऊ लागली.

एक शब्द. दोन शब्द. बायका किंचाळल्या, एकीनं वायर ओढली, पडदा काळा झाला.

२

फौजदार साहेबराव बुधवारी सकाळी द्वारकाबाईंच्या ओसरीवर बसून चहा प्यायले. माणूस वाईट नव्हता. त्याला घाई होती इतकंच. दुष्काळात टँकरवरच्या मारामाऱ्यांनीच त्याची वही भरलेली होती.

त्यांनी सांगितलेलं सगळं सरळ रेषेत होतं. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ दुपारपासून संध्याकाळपर्यंत कधीही अशी मोघम दिली होती. त्या उन्हात नेमकं सांगता येत नाही म्हणाले. म्हणून वेळ ठरवायला चित्र उपयोगी पडलं. मंदारनं स्वतः सांगितलं होतं की कॉम्प्युटर अर्धा तासच चित्र धरून ठेवतो, मग ते आपोआप सुरू होतं. मुकुंदरावांनी सव्वासहाला चित्र थांबलेलं बघितलं. म्हणजे बाईंनी ते पावणेसहानंतर थांबवलं. ओव्यांचा तो कार्यक्रम दिवसातून दोनदा लागतो, दुपारी दीडला आणि साडेपाचला, आणि आवडाबाई येते विसाव्या मिनिटाला. म्हणजे पाच पन्नास. पाणीसुद्धा कॉलनीला पावणेसहालाच आलं होतं.

"आणि पाच पन्नासला त्या घरात कोण शिरलं, ते शेजारच्या गोजरबाईंनी गच्चीवरून बघितलंय," फौजदार म्हणाले. "कुरडया गोळा करत होत्या. तुमच्या गल्लीतली लीलाबाई. दोन कळश्या घेऊन आली, दहा मिनिटांत भरून घेऊन पळाली. विचारलं तर आधी म्हणाली, गेलेच नाही."

लीलाबाई त्या गल्लीत चार घरी धुणंभांडी करायची. पंधरा वर्षं.

द्वारकाबाईंनी विचारलं की दोन कळश्यांसाठी कोणी कोणाला ढकलतं का.

"ताई, या साली ढकलतात," साहेबराव उठत म्हणाले. कालिंदीबाईंचा मोबाइल हौदाच्या तळाशी सापडला होता, पाणी शिरून बंद. झटापटीत पडला असावा. शनिवारी संध्याकाळपर्यंत लीलाबाईला अटक दाखवावी लागेल, वरून विचारणा आहे, असं सांगून ते गाडीकडं वळले.

त्याच दुपारी लीलाबाईची चारही घरं सुटली. चारही घरांनी तिला फाटकातूनच सांगितलं.

३

लीलाबाईच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीला निळी किनार होती आणि तिच्याखाली मेघाची पुस्तकं. मेघा, तिची मुलगी, परिचारिकेचं शिक्षण घेत होती. दोन दिवसांपासून ती वर्गाला गेली नव्हती, आईजवळ बसून होती. द्वारकाबाईंना बघून ती उठली नाही.

"तुम्हीबी विचारायलाच आला असाल," ती म्हणाली.

द्वारकाबाई म्हणाल्या, हो, विचारायलाच आले आहे. आणि खाली बसल्या.

लीलाबाई पदराचं टोक पिळत बोलली. गेले होते. पुढचं दार लोटलेलं होतं. हाक मारली, काकूंनी ओ दिली नाही. टीव्हीवरची बाई गप बसलेली. वाटलं, काकू अंघोळीला असतील. स्वयंपाकघरात हंडे भरलेले दिसले आणि हात राहिला नाही. वस्तीत टँकर सहा दिवस आला नव्हता.

"म्या पाणी चोरलं, ताई. काकूंना मागितलं असतं तर त्यांनी न्हाई म्हटलं असतं का? पन म्या विचारलंच न्हाई. मागच्या अंगणात डोकावले असते तर..." त्याच लाजेनं ती पोलिसांपुढं आधी खोटं बोलली होती.

द्वारकाबाईंनी विचारलं, कुठल्या हंड्यातलं घेतलंस. लीलाबाई म्हणाली, दोन-तीन हंड्यांतलं थोडं थोडं. वरचं तेवढं.

"वरचं का?"

"सगळं कसं घेणार? खाली गाळ बसल्याला. तांब्यानं हळूहळू उपसलं, ढवळू दिलं न्हाई. वरचं लई निवळ होतं, काचेवानी. काकूंच्या हातची तुरटी."

कोपऱ्यात त्या दोन कळश्या होत्या. एक अर्धी रिकामी. मेघानं पेला भरून पुढं केला, जरा रागानंच, जणू हा पुरावा घ्या आणि जा. द्वारकाबाईंनी पेला हातात धरला आणि तो तसाच धरून राहिल्या.

सोमवारी पावणेसहाला त्यांच्याही घरी पाणी आलं होतं. त्यांनीही तुरटी फिरवली होती. रात्री जेवायला कोणाचं मन नव्हतं, तरी नऊ वाजता पाण्याकडं बघितलं तर ते तेव्हा कुठं निवळायला लागलं होतं. या साली गाळ बसायला तीन-साडेतीन तास लागत. लहान पोरांनाही ते ठाऊक होतं.

मग पाच पन्नासला कालिंदीचे हंडे काचेसारखे कसे होते? आणि साडेसहाला आपण स्वतः पेला बुडवला, तेव्हा तळ कसा दिसला?

"लीला," त्या म्हणाल्या, "ह्या कळश्यांतलं पाणी पिऊ नका. झाकून ठेवा."

४

कडुबा महापालिकेचा चावीवाला होता. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन तो गल्लोगल्ली फिरायचा आणि जमिनीतल्या झाकणाखालचे व्हॉल्व्ह फिरवायचा. त्या वर्षी त्याच्याइतका मोठा माणूस शहरात दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतक्या शिव्याही कोणी खात नव्हतं.

गुरुवारी तो द्वारकाबाईंना लिंबाखाली सापडला. सोमवारी पाणी कधी सोडलं, या प्रश्नाला त्यानं तयार उत्तर दिलं. पावणेसहा. वहीत लिहिलंय.

द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की कालिंदीची जोडणी आमच्या गल्लीची नाही, मागच्या गल्लीची आहे, शेवटचं टोक. तिथली बाकीची दोन घरं मुलांच्या सुट्टीमुळं कुलूपबंद आहेत. मागच्या गल्लीची चावी फिरवली तर कॉलनीत कोणालाच कळणार नाही. आणि मग म्हणाल्या की शनिवारी लीलाबाईला नेणार आहेत.

कडुबानं चावी झाडाला टेकवली.

"टोकाला दाबच ऱ्हात नाय, ताई. पाळीच्या टायमाला त्यांच्या नळाला नुसती हवा येती. दर खेपेला माउली वाटीनं पाणी भरायच्या. मला दुपारचं ताक द्यायच्या, उन्हाचा फिरतो म्हून. सोमवारी म्हनल्या, कडुबा, हंडे पालथे पडलेत रे." त्यानं डोळे पुसले नाहीत, फक्त बारीक केले. "म्या पावणेदोनला मागची चावी फिरवली. अर्धा तास. लोकांला कळलं तर मला फाडून खातील, आन नोकरी जाईल ती येगळीच. म्हून वहीत नाय लिव्हलं."

द्वारकाबाईंनी त्याला साहेबरावांना हे सांगशील का विचारलं.

"सांगतो. नोकरी गेली तर गेली." त्यानं चावी उचलून खांद्यावर घेतली. "पन ताई, म्या पानी सोडलं नसतं तर त्या उठल्याच नसत्या. व्हय ना?"

पाणी पावणेदोनला आलं, हे आता पक्कं होतं. पण मग चित्र सव्वादोनलाच, फार तर अडीचला, आपोआप सुरू व्हायला हवं होतं. सव्वासहाला मुकुंदरावांनी ते थांबलेलं बघितलं. साडेसहाला त्यांनी स्वतः.

अर्धा तास मावत नव्हता.

५

बुद्धभूषणचं दुकान टी.व्ही. सेंटरजवळ होतं. उघडे पडलेले कॉम्प्युटर, तारांची भेंडोळी, आणि मधोमध हा शांत, जाड चष्म्याचा तिशीतला माणूस. लीलाबाईचा भाचा.

द्वारकाबाईंनी त्याला विचारलं की चालू चित्र थांबवलं तर ते राहतं कुठं.

त्यानं समजावून सांगितलं. टीव्ही चालू असतो तेव्हा कॉम्प्युटर ते सगळं आत साठवत असतो, हौदात पाणी साठवावं तसं. तुम्ही थांबवलं तरी मागून येणारं साठतच राहतं. हौद भरला की कॉम्प्युटरला थांबता येत नाही, मग चित्र आपोआप पुढं चालायला लागतं. मुळात हा हौद लहान असतो, अर्ध्या-पाऊण तासाचा. पण डिस्कवर जागा असेल तर तो वाढवता येतो. आतल्या एका यादीत आकडा बदलायचा असतो. दोन तास करा, सहा तास करा. साध्या माणसाला ते सापडत नाही. ज्यानं मशीन बसवलं त्याला सापडतं.

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक कॉलची मिनिटं मोजायच्या तसे त्यांनी तास मोजले. आवडाबाई गाऊ लागली तेव्हा आठला दहा कमी होते. मागं सहा तास. एक पन्नास. दीडच्या कार्यक्रमाचं विसावं मिनिट. पावणेदोनला नळ फुसफुसला असेल, पाच मिनिटांनी धार लागली असेल, आणि कालिंदी बटण दाबून उठली असेल.

कालिंदीला जाऊन तीन तास तरी होऊन गेले होते, तेव्हा लीलाबाई दारात उभी राहून तिला हाका मारत होती.

"मी येऊन आकडा बघून देतो," बुद्धभूषण म्हणाला. मग स्वतःच थांबला. "पण मावशी, मी लीलाआत्याचा भाचा. मीच बदलला म्हणतील. मी त्या मशीनला हात न लावलेला बरा."

"मग हात कोणीच लावायला नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी नुसतं बघत बसायचं."

रिक्षानं घरी येताना त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट घोळत होती. हौद मोठा कोणी केला हे आता उघड होतं. आदल्याच दिवशी, रविवारी, मंदार येऊन गेला होता. आणि अर्धा तास कोण म्हणालं होतं? तोही मंदारच. आईच्या मृत्यूबद्दल पोलीस विचारत असताना मुलगा खोटा आकडा का सांगेल?

आकाशवाणी चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांना तो फोन पुन्हा जसाच्या तसा ऐकू आला. पहिलं वाक्य.

त्या रिक्षातच रडल्या, सोमवारपासून पहिल्यांदा. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि काही विचारलं नाही.

६

शनिवारी दुपारी दीडला मुकुंदरावांच्या बैठकीत पाच माणसं बसली होती. मुकुंदराव, फौजदार साहेबराव, लीलाबाई, द्वारकाबाई आणि मंदार. लीलाबाई दाराजवळ जमिनीवर बसणार होती. द्वारकाबाईंनी हात धरून तिला आपल्याजवळ खुर्चीत बसवलं. कालिंदीबाईंची खुर्ची मोकळीच ठेवली होती.

ओव्यांचा तोच भाग आठवडाभर रोज दाखवत होते. द्वारकाबाईंनी साहेबरावांना सकाळीच सांगून ठेवलं होतं की अटक करायचीच असेल तर आधी अर्धा तास माझ्याबरोबर टीव्ही बघा. कडुबाचा जबाब तोपर्यंत त्यांच्या खिशात होता, म्हणून ते आले होते.

मंदारनं विचारलं की मावशी, हे कशासाठी.

"आईनं जिथं सोडलं तिथपर्यंत बघू," त्या म्हणाल्या.

विसाव्या मिनिटाला आवडाबाई आली. खुंट्याला हात घातला, जातं फिरवलं, पहिला चरण म्हटला :

*थांब थांब रं दिसा, नको जाऊ डोंगराआड...*

आणि श्वास घेतला. द्वारकाबाईंनी बटण दाबलं. भिंतीवरच्या घड्याळात एक पन्नास झाले होते.

मग काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. दोन वाजले. लीलाबाईचे ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते. साहेबरावांनी एकदा घसा खाकरला. मुकुंदराव पडद्याकडं असं बघत होते जणू ती म्हातारी त्यांना काहीतरी सांगायचंच थांबली आहे. कालिंदीच्या माहेरगावची होती ती. कार्यक्रमात येणार हे कळल्यापासून कालिंदीनं तीनदा सांगितलं होतं, आणि त्या दिवशी त्यांना तहसीलमधला एक उतारा जास्त महत्त्वाचा वाटला होता.

दोन पंधरा. दोन अठरा. सगळे पडद्याकडं बघत होते. आता हलेल, आता ती श्वास सोडेल. फक्त द्वारकाबाई मंदारकडं बघत होत्या. त्याचं पडद्याकडं लक्ष नव्हतं. तो घड्याळाकडं बघत होता.

दोन वीस झाले.

आवडाबाई हलली नाही.

दोन बावीस. दोन पंचवीस. साहेबरावांनी खिशातला कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. ते सावकाश म्हणाले की मंदारराव, तुम्ही अर्धा तास सांगितला होतात.

मंदारची नजर अजून घड्याळावरच होती.

"हौद सहा तासांचा आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती. निवळलेलं पाणी, कडुबाची चावी, आठला दहा कमी असताना आपोआप लागलेली ओवी, सगळं त्यांनी एकामागून एक मांडलं. लीलाबाई आली तेव्हा घरात जिवंत कोणी नव्हतं. कालिंदीला कोणी ढकललं नाही. चष्मा काढून ठेवून, ओल्या पायरीवर, हौदात किती पाणी पडलं ते बघायला ती चढली आणि पडली. मग त्या मंदारकडं वळल्या.

"मी तुला फोन लावला तेव्हा तू म्हणालास, आई, अगं दुपारी मीटिंगमध्ये होतो. मी काही बोलायच्या आधी. तिचा दुपारी फोन आला होता ना, राजा?"

मुकुंदरावांची मान पडद्यावरून मुलाकडं वळली.

मंदार बोलला तेव्हा त्याचा आवाज एखाद्या लहान पोरासारखा झाला होता.

"दोन वीसला. मी कट केला. लगेच परत आला. परत कट केला." त्यानं तळहात पँटला पुसले. "पाणी आलं की दर वेळी ती फोन करायची, मावशी. पाणी भरून येईपर्यंत चित्र पुढं गेलं, आता मागं कसं आणू. भर मीटिंगमध्ये. म्हणून तर रविवारी येऊन मी ते सहा तासांचं करून दिलं. म्हटलं, आता तरी फोन करणार नाहीस ना? हसली. म्हणाली, नाही करणार. आणि सोमवारी दुपारी फोन. मला वाटलं, आता तर दुरुस्त करून दिलंय, आता काय आणखी?"

मंदार आईच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होता.

"संध्याकाळी पडली असेल, तर तो फोन साधा होता," तो म्हणाला. "टीव्हीचाच असेल, असं म्हणता येत होतं. फौजदारांनी विचारलं आणि अर्धा तास तोंडातून गेला. मग लीलाबाईचं नाव आलं. मी रोज ठरवत होतो की आज सांगेन."

ते दोन फोन कालिंदीनं पडायच्या आधी केले की पडल्यावर, मदतीसाठी, आणि मोबाइल हातातून हौदात कधी निसटला, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. साहेबराव टोपी उचलून उभे राहिले. अपघाताची नोंद करतो, खोट्या जबाबाचं नंतर पाहू, तुम्ही ठाण्यात येऊन खरा लिहून द्या, एवढं बोलून ते बाहेर पडले. जाताना ते लीलाबाईपुढं थबकले, मग पुढं गेले.

मंदार उठून लीलाबाईसमोर आला. तो वाकणार तेवढ्यात तिनं पाय मागं घेतले.

"माफीचं असू द्या, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "माझी चार घरं गेली. त्या चार फाटकांत जाऊन सांगा, उभ्यानं. माझ्या पोरीला घेऊन जा संगं. तिनं ऐकलं पायजे."

मंदारनं मान हलवली. सांगतो म्हणाला. आत्ताच जातो म्हणाला, पण त्याला दारापर्यंत जाववेना. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

मुकुंदराव त्याच्याकडं बघत होते. रागानं की कशानं, सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी विचारलं ते भलतंच :

"त्या वेळी ती काय म्हणाली असती रे?"

पडद्यावरची म्हातारी उघड्या तोंडानं अजून थांबून होती. लीलाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"लावा की पुढं," ती म्हणाली. "काकूंना ऐकायचं होतं ते."

रिमोट मुकुंदरावांनी घेतला. कुठलं बटण ते त्यांना माहीत नव्हतं. मंदारनं बसल्या जागेवरून हात लांब करून बापाचं बोट योग्य बटणावर नेलं. आवडाबाईनं श्वास सोडला. जातं फिरलं.

*याया निघाला माझा लेक, त्याची वाट लई द्वाड.*

मंदारनं गुडघ्यांत तोंड घातलं. मुकुंदरावांचा हात बराच वेळ हवेत होता, मग तो त्याच्या डोक्यावर येऊन टेकला.

मागच्या अंगणात नळ फुसफुसला. त्या दिवशी पाळी दुपारची होती, आणि कडुबानं टोकाच्या घराला आधी सोडलं होतं, उघडपणे, वहीत लिहून. आधी हवा आली, मग थेंब, मग धार लागली आणि रिकाम्या बादलीत वाजू लागली.

आवडाबाई पुढची ओवी गात होती. चित्र थांबवायला कोणी उठलं नाही.